जमल्यास

९ मार्च १९८४

धाकट्या,

पोचलास ना नीट? पोचल्याचं कार्ड टाकायची तुझी पद्धत नाही, म्हणून मीच लिहिते. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी बाइंडरी उघडली. बाबांच्या आजारपणात खळ आंबून गेली होती, ती फेकली आणि नवी शिजवली. कोर्टाच्या ग्रंथालयाचे रिपोर्ट ढीगभर येऊन पडलेत. ग्रंथपालांना माहीत आहे बाबा गेले ते, तरी दारात उभे राहून विचारतात, "मग कधी?" म्हटलं, मेलेल्या माणसाचं काम जिवंत माणूस करतोय, जरा दम धरा.

काल वकीलकाकांनी मृत्युपत्र वाचून दाखवलं. तुला नक्कल आलीच असेल. घर तुझ्या नावावर, यंत्रं आणि हत्यारं माझ्या. आणि पुढे ते वाक्य, काकांनी इंग्रजीत केलेलं, पण मला बाबांच्याच आवाजात ऐकू आलं: "माझ्या मुलीने हयातभर याच घरात राहावे व खालच्या खोल्यांत धंदा चालवावा अशी माझी मनापासून इच्छा आहे, आणि मुलगा ती पाळील असा मला भरवसा आहे." वाचताना काका जरा अडखळले. म्हणाले, "मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं, इच्छा नको, हक्क लिहू. एक ओळ वाढली असती."

आठवतं मला. बाबा कसले तडकले होते! "माझ्या मुलाला काय हुकूम लागतो? तो काय भाडेकरू आहे?" काका माझ्याकडे बघायला लागले, तर मीही बाबांचीच री ओढली. म्हटलं, लिहा हो काका त्यांना हवं तसं, आमच्याकडे एवढं पुरतं.

आणि पुरतंच की. बाबांनी जन्मात कुणाला हुकूम सोडला नाही. कामाच्या चिठ्ठीवर काय लिहायचे? "जमल्यास आज." "जमल्यास कापडी कणा." नवा कारागीर हमखास फसायचा, त्याला वाटायचं, जमलं तर बघू. संध्याकाळी बाबा नुसते त्याच्याकडे बघायचे. झालं, तो गडी पुन्हा आयुष्यात विसरायचा नाही. तुझं ते तापातलं आठव. "जमल्यास हा गठ्ठा कोर्टात देऊन ये," एवढंच म्हणाले, तुला ताप आहे हे त्यांना ठाऊकही नव्हतं. तू गठ्ठा डोक्यावर घेऊन गेलास, कोर्टाच्या पायऱ्यांवर ओकलास, आणि परत येऊन म्हणालास, "दिला." मग आडवा झालास. आपल्या घरात जमल्यासच्या पुढे देवाचंही चालत नव्हतं.

वरच्या खिडकीची बिजागरी तुटलीय, ती बसवून घेते. घर तुझं, म्हणून विचारते हो मालक! टिल्लूला म्हणावं, कायद्याच्या पहिल्या वर्षाची पुस्तकं आत्याकडे पाठव. तुझीही मीच बांधली होती, त्याचीही बांधते.

तुझी ताई


२ एप्रिल १९८४

ती. ताई,

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. कामाला लागलीस हे उत्तम. दुःखावर कामासारखं औषध नाही.

मृत्युपत्राबद्दल तू जे लिहिलंस त्यात थोडी गल्लत आहे. ती वेळीच दूर केलेली बरी, म्हणून सविस्तर लिहितो. इंग्रजीत एक विशेषण आहे, प्रिकेटरी. रोजच्या बोलण्यात कुणी वापरत नाही, कित्येक वकिलांनाही ते वर्षानुवर्षं लागत नाही. अर्थ आहे विनवणीचा, आर्जवाचा. मृत्युपत्रात माणूस आधी मालमत्ता पूर्णपणे एकाला देऊन टाकतो आणि मग मागाहून "इच्छा आहे", "आशा आहे", "भरवसा आहे" असं जोडतो. अशा शब्दांना प्रिकेटरी शब्द म्हणतात. फार पूर्वी न्यायाधीश ते दिसले की हळवे व्हायचे आणि घेणाऱ्याला बांधून टाकायचे. पुढे कोर्टांनी ते सोडलं. देणाऱ्याला बांधायचंच होतं तर त्याने बांधलं असतं, हा साधा विचार. आता असे शब्द घेणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडलेले असतात. पाळले तर छान. नाही पाळले तर कोणी जाब विचारत नाही.

हे सगळं तुला का सांगतो? घराला गिऱ्हाईक आलं आहे. एका दातांच्या डॉक्टरांना दवाखान्यासाठी ती जागा हवी आहे. इथे आमची जागा अपुरी पडते, टिल्लूला अभ्यासाला वेगळी खोली नाही. बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

तेव्हा खिडकीची बिजागरी बसवू नकोस. उगाच वाया जाईल.

तुझा,
धाकटा


११ एप्रिल १९८४

धाकट्या,

तुझं पत्र दोन तारखेचं, पण लिहायला घेतलंस एक तारखेला, एप्रिल फूल करायला, असं समजून मी आधी हसले. मग पुन्हा वाचलं. बिजागरीपाशी आल्यावर हसू गेलं.

तो शब्द मी पाहिला. कायद्याचा एक जाडजूड कोश शिवायला येऊन पडला होता, पानांचे गठ्ठे, म्हणजे फर्मे, सुटे झालेले. तुझ्या त्या शब्दाचं पान माझ्या हाताखालून गेलंही होतं. त्याला दाभणानं भोकं मीच पाडली होती. इंग्रजी मला बेताचं, म्हणून ते पान घेऊन काकांकडे गेले. म्हटलं, माझा भाऊ थट्टा करतोय, खोटं आहे ना हे? काकांनी चष्मा पुसून पान वाचलं. म्हणाले, "खोटं काही नाही लिहिलं त्याने. शिकलाय चांगला." दावा लावला तर? म्हणाले, "लावू. हरू." एवढा सरळ बोलणारा वकील मी पहिल्यांदा पाहिला, आणि तोही माझ्याच नशिबी.

धाकट्या, मला मालकी नको. वरचा मजला वीक, दवाखाना काढ, काय हवं ते कर. मला खालच्या दोन खोल्या दे. का, ते तुला माहीत आहे. कापायचं यंत्र आहे तिथे. बाबांनी ते आधी जमिनीत रोवलं आणि पुढची भिंत मागून बांधली. ते दारातून जात नाही, खिडकीतून जात नाही. लोक म्हणायचे, या माणसाने यंत्राला घर बांधलंय, बायकापोरं आपली सोय म्हणून राहतात. त्या यंत्राशिवाय मी कोण? या वयात दुसऱ्याच्या बाइंडरीत पानं मोजत बसू? तुझ्या शिक्षणापायी माझं लग्न मागे पडलं असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. म्हटलं नाही हे फक्त लक्षात ठेव.

कायदा काय म्हणतो ते कळलं. बाबा काय म्हणाले ते तुला कळलं नाही असं मात्र सांगू नकोस. त्या तापातल्या पोराला कळलं होतं.

ताई


३० एप्रिल १९८४

ती. ताई,

तुझ्या पत्रातला सूर मला आवडला नाही. तू मोठी आहेस म्हणून सोडून देतो.

तापाची गोष्ट तू पुन्हा पुन्हा का काढतेस? ती तुला गोड वाटते, मला नाही. मी गेलो कारण भीती वाटत होती. आयुष्यभर त्या माणसाच्या "जमल्यास"ला मी घाबरलो. त्यांना माझ्याकडून काही हवं होतं तर सरळ मागायचं. हुकूम करायचा. तेवढं धाडस त्यांनी केलं नाही. ज्याने आपलं मन स्पष्ट लिहायचं टाळलं, त्याचं मन ओळखत बसायची जबाबदारी कायदा माझ्यावर टाकत नाही, आणि मीही घेत नाही. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. शब्द नीट निवडायला हवे होते, आणि तूही तेव्हा तिथे होतीस. काकांनी हक्क सुचवला तेव्हा नको म्हणणारी तूच.

मी काही राक्षस नाही. पावसाळा संपेपर्यंत राहा. यंत्राचं म्हणशील तर डॉक्टर भिंत पाडायला तयार नाहीत. तोडून न्यावं लागेल. भंगारवाला मी इथून ठरवून देतो, तुला त्रास नको.

तुझं प्रकरण परवा जेवताना टिल्लूला उदाहरण म्हणून समजावलं. पटकन कळलं त्याला. म्हणाला, "म्हणजे आत्याला काहीच हक्क नाही, नुसती आजोबांची इच्छा!" पोरगा नाव काढणार.

जाता जाता एक. माझा कायद्याच्या रिपोर्टचा जुना संच फार खिळखिळा झालाय. पार्सलने पाठवतो. यंत्र आहे तोवर जमल्यास बांधून ठेव.

धाकटा


२७ सप्टेंबर १९८४

धाकट्या,

सोबत किल्ल्या आहेत. पुढच्या दाराची मोठी, मागच्या दाराची लहान, वरच्या खोलीची हरवलीय, ती लागणार नाही, तिथे कुलूपच नाही आता.

यंत्र तोडलं. मला वाटलं, कापतील काहीतरी गॅसने. छे, दोन माणसं आली आणि घणाने मारत बसली. बिडाचं ना, तुकडे तुकडे झाले. मी बाहेर ओट्यावर बसून ऐकत होते. शेजारीण म्हणाली, आत जाऊ नका. म्हटलं, मी कशाला जाऊ, मला ऐकू येतंय.

मी छापखान्याच्या गल्लीतल्या एका बाइंडरीत लागलेय. पानं मोजायला. मालक मला आजी म्हणतो, त्याच्यापेक्षा मी फार तर दहा वर्षांनी मोठी असेन.

तुझा संच बांधून पार्सल केलाय. पूर्ण कातडी बांधणी, कण्यावर तुझं नाव सोन्यात. बाबांच्या घरातलं माझं शेवटचं काम. तू जमल्यास म्हणालास, म्हणून केलं. मला दुसरं काही येत नाही.

आता पत्र टाकू नकोस.

ताई


१८ नोव्हेंबर १९९५

प्रिय ताई,

किती वर्षं झाली! तुझा पत्ता मिळवायला ग्रंथपालांचा पिच्छा पुरवावा लागला. ते निवृत्त झाले तरी आवाज तसाच आहे. त्यांच्याकडूनच कळलं की तू पुन्हा स्वतःची बाइंडरी काढलीस. शाब्बास! मी इथे सगळ्यांना सांगत असतो, आमची ताई म्हणजे लोखंड.

मी मजेत. टिल्लूचं बस्तान चांगलं बसलंय, माझंच ऑफिस तो बघतो. दोन वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं, तुला कळवायचं राहून गेलं. त्याची आई त्याच्या आदल्या वर्षी गेली. मी आता कोर्टात जात नाही, डोळ्यांना त्रास होतो.

डॉक्टर म्हणतात, हवापालट करा. मनात आलं, आपल्या गावासारखी हवा नाही कुठे. थोडे दिवस येऊन राहावं म्हणतो. जुन्या गोष्टी जुन्या झाल्या. आपण दोघंच तर उरलोय. तुला काय वाटतं ते वरच्या पत्त्यावर कळव.

तुझा धाकटा


२९ नोव्हेंबर १९९५

धाकट्या,

वहिनी गेली हे तीन वर्षांनी कळवलंस. बाई चांगली होती. घर सोडताना फक्त तिचं कार्ड आलं होतं मला, दोनच ओळींचं, आणि खाली लिहिलं होतं, "यांना सांगू नका." आता सांगितलं तर चालेल.

मजेत आहेस म्हणतोस. मग वरचा पत्ता लॉजचा का? स्टेशनसमोरचं लॉज, खोली नंबरासकट. ज्याचा मुलगा बापाचं ऑफिस चालवतो तो माणूस हवापालटाला स्टेशनसमोर जाऊन राहत नाही. आणि कागदही लॉजचाच, वर चहाचे दर छापलेत.

माझ्याशी वकिली करू नकोस. तू कोर्टाच्या पायऱ्यांवर ओकलास तेव्हा तुझा सदरा मी धुतला होता. काय झालं ते सरळ लिही, मग बघू.

ताई


५ डिसेंबर १९९५

ताई,

लिहितो.

टिल्लूच्या लग्नाआधी राहता फ्लॅट त्याच्या नावावर केला. बक्षीसपत्र. सूनबाईच्या माहेरचे कागदपत्रं बघणारे होते, त्यांच्यापुढे मला मोठेपणा करायचा होता. मसुदा मीच केला. कारकून जुना होता, त्याने विचारलं, "साहेब, तुमचा हयातभर राहायचा हक्क घालू ना?" मी त्याच्या अंगावर ओरडलो, "माझ्या मुलाला काय हुकूम लागतो?" वाक्य तोंडातून निघून गेलं, कुणाचं आहे ते तेव्हा ध्यानातही आलं नाही. मग मीच लिहिलं, "मुलगा वडिलांचा सांभाळ करील अशी इच्छा व भरवसा आहे."

पहिलं वर्ष बरं गेलं. मग माझी खाट खोलीतून बाहेरच्या गॅलरीत आली, कारण पाळणा यायचा होता. मग गॅलरीला काचा लावून तिथे त्याचं टेबल आलं. मी म्हणालो, अरे, मी कागदात लिहिलंय. तो रागावला नाही, ताई. रागावला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, "बाबा, ते शब्द प्रिकेटरी आहेत. तुम्हीच आत्याचं प्रकरण समजावलं होतंत." आणि आमटी वाढून घेतली. तू बांधलेला संच त्याच्या टेबलामागे आहे. अशिलांना कण्यावरचं माझं नाव दाखवून म्हणतो, वडिलांचा आशीर्वाद.

लॉजचा खर्च महिनाअखेरपर्यंत तो देणार आहे. पुढचं बघू म्हणाला.

कायद्याने मी तेव्हा चुकलो नव्हतो. हे तुला आवडणार नाही, पण खोटं कशाला लिहू? कायद्याने तोही चुकत नाही. एका डोळ्याने आता काहीच दिसत नाही. हे पत्र ओळीवर राहिलंय की नाही मला कळत नाही.

तुझ्याकडे एखादा कोपरा असेल. मी खळ ढवळीन, फर्मे लावीन, लहानपणी केलंय. हक्काने मागत नाही. हक्क कुठला? विनंती आहे, आशा आहे, काय म्हणशील ते आहे. जमल्यास मला घेऊन जा.

तुझा
धाकटा


१४ डिसेंबर १९९५

धाकट्या,

ओळीवर राहिलंय तुझं अक्षर. शेवटी शेवटी जरा घसरलंय.

मला जागा आहे. दोन खोल्या आहेत, छापखान्याच्या मागे. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत मी. मागच्या खोलीत एक दुसरी खाटही आहे, मोतीबिंदू काढला तेव्हा एक बाई सोबतीला ठेवली होती, तिच्यासाठी घेतलेली. गादी चांगली आहे. खिडकीतून सकाळचं ऊन थेट उशीवर येतं. स्वयंपाक मी दोघांपुरता करते, सवय गेली नाही, उरलेलं सकाळी खाते. कामालाही माणूस हवाच आहे, माझे हात आता दुखतात. तेव्हा जमत नाही असं मुळीच नाही. सगळं जमतंय. हे तुला नीट कळावं म्हणून एवढं लिहिलं.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. खरं सांगू? मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, वाट पाहिली, वाटली नाही. आमटीपाशी तर मी मोठ्याने हसले, कामावरची मुलगी घाबरून बघायला लागली. मग रडलेही, ते वहिनीसाठी असेल, बाबांसाठी असेल, तुझ्यासाठी असेल, मी चौकशी केली नाही.

तू लिहिलं होतंस, असे शब्द सदसद्विवेकबुद्धीवर सोडलेले असतात. मी माझी शोधून पाहिली. होती माझ्याकडे, चांगली भरभक्कम होती. ती त्या भिंतीच्या आतच राहिली होती, यंत्राबरोबर. घण बसत होते तेव्हा मला वाटलं होतं, बिडाचाच आवाज आहे.

तू हुकूम मागत होतास ना बाबांकडे? स्पष्ट शब्द? मी तुला हुकूम करणार नाही. आपल्या घरात ती पद्धत नव्हती. कोर्टात गेलास तर माझ्या ओळीला कवडीची किंमत नाही, हेही तूच मला शिकवलंस. पण तापात गठ्ठा डोक्यावर घेऊन गेलेल्या त्या पोराला तिचा अर्थ कळेल. म्हणून बाबांच्या चिठ्ठीवर असायचं तेवढंच लिहिते.

जमल्यास येऊ नकोस.

ताई